नवरा मलावीला, संसार कांदिवलीला

मिशनऱ्यांच्या बायकांकडे इतके किस्से का साठतात, माहितीये? सांगायची सोय नसते म्हणून! चर्चमध्ये कोणी विचारलं, ‘कसं चाललंय?’ की ‘प्रभूची कृपा आहे’ एवढंच म्हणायचं असतं. शेजारणींना सांगावं तर त्यांना वाटतं, नवरा फॉरेनला म्हणजे हिला काय कमी! मग राहतो तो गुरुवार.

दर गुरुवारी दुपारी कांदिवलीला माझ्या घरी आम्ही तिघी प्रार्थनेला जमतो. मी सकाळच्या शाळेत शिकवते, माझे हे बाप्टिस्ट मिशनतर्फे आफ्रिकेत, मलावीला पास्टर. रिबेका मुलुंडहून येते, तिचा नवरा पापुआ न्यू गिनीला. बोरिवलीच्या ग्रेस मावशी आमच्यात सीनियर, त्यांचे मिस्टर जन्मभर बाहेर काढून आता रिटायर होऊन घरी आलेत. प्रार्थना लवकर आटपते. मग चहा होतो, आणि त्यानंतर जे चालतं त्याला प्रार्थना म्हणता येणार नाही.

ग्रेस मावशी म्हणतात, “बाकीच्या बायकांना निदान कुंकू तरी असतं. आपल्याला ना कुंकू, ना नवरा!”

गेलं वर्षभर गुरुवारचा विषय एकच होता. माझ्या सायलीचं लग्न. लग्न ठरल्यावर ह्यांचा मलावीहून फोन आला, “लग्न मीच लावणार. संदेशही मीच देणार!” संदेश म्हणजे लग्नातलं प्रवचन. सायली शांतपणे म्हणाली, “संदेश नको, पप्पा. तुम्ही फक्त माझ्याबरोबर चाला. दारापासून पुढच्या बाकापर्यंत. बास.” फोन ठेवल्यावर मला म्हणाली, “मम्मी, एवढंही जमलं नाही ना त्यांना, तर मी यापुढे त्यांच्याकडे काही मागणार नाही.”

एवढं त्यांना जमेल की नाही, यावर आम्ही तिघी खल करायचो, आणि त्यातून जुने किस्से निघायचे.

*

हे पहिल्यांदा निघाले तेव्हा सायली बालवाडीत होती. चर्चने निरोपाची सभा ठेवली. हार, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना, बायकांची रडारड, वर बिर्याणी. आणि व्हिसा आलाच नाही!

आता ज्याला आफ्रिकेला पाठवलाय, तो कांदिवली मार्केटमध्ये कोथिंबीर घेताना कसा दिसणार? आमच्याच सोसायटीत चर्चचे एक वडील राहायचे, वडील म्हणजे कमिटीतले ज्येष्ठ. त्यांना तोंड कसं दाखवायचं म्हणून हे घरातच बसले. दाराची बेल वाजली की बेडरूममध्ये! दिवसभर सायलीशी कॅरम खेळायचे, तिच्या वेण्या घालायचे, माझ्या भाज्या चिरायचे. खोटं कशाला बोलू, माझ्या संसारातले तेवढेच दिवस मला संसारासारखे वाटले.

मग व्हिसा आला. सायलीने ह्यांचे बूट पाण्याच्या पिंपात टाकले. पुढच्या सुट्टीत चर्चमध्ये हा प्रसंग ह्यांनी देवाच्या कृपेची साक्ष म्हणून सांगितला, लोक खूप हसले. मला हसू आलं नाही. ते बूट मी गॅसच्या शेगडीजवळ धरून वाळवले होते.

*

रिबेकाचा नवरा एकदा सुट्टीवर आला. मधल्या काळात तिच्या बिल्डिंगचा वॉचमन बदलला होता. इंटरकॉम वाजला.

“मॅडम, एक आदमी आया है. बोलता है आपका हसबंड है. भेजूं क्या?”

रिबेका म्हणाली, “कैसा दिखता है?”

“दाढी है. थोडा थका हुआ है.”

ती म्हणाली, “मेरे वाले को दाढी नहीं थी.”

बिचारा बॅगा घेऊन खाली उभा! शेवटी तिचा मुलगा गॅलरीतून डोकावला आणि ओरडला, “मम्मी, तेच आहेत, फोनमधले!”

ग्रेस मावशींनी विचारलं, “मग घेतलंस वर?”

“घेतलं ना. चर्चने रिटर्न तिकीट तीन महिन्यांनंतरचं काढलं होतं, त्याआधी परत पाठवता थोडंच येतं!”

*

आमच्याकडे एक चाल आहे, प्रार्थना-विषय कळवायची. मिशनरी आपल्या अडचणी त्याला पाठबळ देणाऱ्या चर्चना कळवतो आणि ती सगळी चर्चेस त्यासाठी प्रार्थना करतात. पूर्वी पत्रं जायची, आता व्हॉट्सअॅप. हेतू चांगला आहे, मी नाही म्हणत नाही.

सायली सातवीत गणितात नापास झाली. मी ह्यांना फोनवर सांगितलं, नवऱ्याला सांगावं तसं. महिन्याभराने आम्ही नात्यातल्या लग्नाला नगरला गेलो. जन्मात न पाहिलेल्या एका आजींनी सायलीची हनुवटी धरली आणि म्हणाल्या, “गणिताचं काय झालं गं बाळा? आम्ही उपास धरला होता!”

इथवर ठीक होतं. पुढच्या वर्षी पोरगी मोठी झाली. मी तेही ह्यांना सांगितलं. कोणाला सांगणार मग? रविवारी आमच्या चर्चमध्ये पास्टरांनी माइकवरून वाचलं, “मलावीतील आपल्या बंधूंची कन्या वयात आली आहे. तिच्या पावित्र्यासाठी प्रार्थना करावी.” पोरांच्या बाकावरून कोणीतरी खिदळलं. सायली उठून बाहेर गेली आणि चर्चच्या पायरीवर बसून राहिली.

त्या दिवसापासून ह्यांचा फोन आला की ती म्हणायची, “बरी आहे. मम्मीला देते.” ह्यांना वाटायचं, मुलगी समजूतदार झाली, हट्ट करत नाही. मला इतका राग यायचा, पण मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तोही प्रार्थना-विषय झाला असता!

*

आता ह्यांची सुट्टी म्हणजे काय, तेही ऐका. तीन वर्षांनी तीन महिने घरी. पण घरी कुठले? दर रविवारी नवं चर्च. जी चर्चेस खर्च उचलतात त्यांना जाऊन काम दाखवायचं, फोटो दाखवायचे, आणि फोटोंच्या शेवटी आम्ही! मी आफ्रिकन कापडाची साडी नेसायची आणि सायलीने तिकडच्या चिचेवा भाषेत गाणं म्हणायचं. पोरीने मलावी फक्त नकाशावर पाहिलेलं. गाणं तिने ह्यांच्या मोबाइलवरून पाठ केलं होतं.

नाशिकला एका बाईंनी कौतुकाने विचारलं, “बेटा, तू सिंह पाहिलास का गं?”

“नाही आंटी. मी कांदिवलीला राहते.”

“अगंबाई, मग जंगली प्राणी काहीच नाही पाहिले?”

“पाहिलाय ना. आमच्याकडे नॅशनल पार्कातून बिबट्या येतो.”

सगळे हसले. हे हसले नाहीत. गाडीत म्हणाले, “सायली, लोक प्रेमाने विचारतात. त्यांना असं उत्तर देऊ नये.” तिन्ही महिन्यांत त्या एकाच रविवारी दोघांचं जरा लांबलचक बोलणं झालं, आणि ते हे.

*

ग्रेस मावशींचे मिस्टर रिटायर होऊन कायमचे घरी आले, तेव्हा आम्हाला त्यांचा हेवा वाटला होता.

पहिल्याच दिवशी मावशींनी चिंचगुळाची आमटी, सुरमई, सोलकढी, सगळं केलं. जन्मभर लोकांच्या घरी पाहुणा म्हणून जेवलेला माणूस तो. जेवण झालं, हात पुसले, मान किंचित लववून म्हणाला, “भगिनी, भोजन फार रुचकर होतं. प्रभू या घराला आशीर्वादित करो.”

मावशी म्हणाल्या, “बंधू, ताट उचला!”

आम्ही पोट धरधरून हसलो. मावशीही हसल्या, मग डोळे पुसत म्हणाल्या, “हसताय काय गं, अजूनही बाथरूमला जायच्या आधी मला विचारतात.”

*

हा किस्सा मी गुरुवारी कधी सांगितला नाही. पण आता एवढं बोललेच आहे तर हाही ऐका.

माझ्या सासूबाई शेवटी सहा महिने अंथरुणावर होत्या. त्यांचं मी केलं, सायलीने केलं. मिशनचा नियम असा की तिकीट मिळतं ते मयताला, आजारपणाला नाही. त्यांचे आता फारसे दिवस उरले नाहीत हे दिसत होतं, म्हणून मी ह्यांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन त्यांच्या तोंडासमोर धरला.

ह्यांनी आईला बघितलं, हुंदका आला, आणि लगेच डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. सुरेख प्रार्थना करतात हे, ते नाकारता येणार नाही. पण लांब! म्हातारी क्षीण आवाजात म्हणत होती, “बाळ्या, डोळे उघड रे. मला तुला बघायचंय.” ह्यांना ऐकू जाईना. मी ओरडले, “अहो, डोळे उघडा!” तिकडचं नेटवर्क गेलं. आमेनसुद्धा झालं नव्हतं.

सायली पायाशी बसून सगळं बघत होती. तिने आजीच्या तोंडात चमच्याने पाणी घातलं. त्यानंतर मी ह्यांना कधी पूर्ण माफ करू शकले नाही, आणि ते मला लपवायचंही नाही.

*

तर लग्न.

हे आले! आदल्या रात्री का होईना, आले. सकाळी कोट घातला, सायलीला बघून डोळ्यांत पाणी आलं. चर्चच्या दाराशी त्यांनी हात पुढे केला आणि पोरीने तो धरला. इतका घट्ट धरला की लांबून मला तिच्या बोटांवरचा ताण दिसत होता. मी पहिल्या बाकावर, एका बाजूला रिबेका, दुसऱ्या बाजूला ग्रेस मावशी. रिबेका माझ्या कानात म्हणाली, “जमलं गं बाई!”

कीबोर्डवर संगीत सुरू झालं. दोघं चालू लागले. सायली हसत होती, लहानपणी हसायची तशी.

लग्नाला बाहेरगावच्या चर्चेसचे बरेच लोक आले होते. चार-पाच बाक झाले असतील, उजवीकडे नागपूरचे वडील बसलेले ह्यांना दिसले. ह्यांनी सायलीच्या हातातून हात सोडवला. “एकच मिनिट हं, बाळा.” आणि दोन्ही हातांनी त्यांचा हात धरून हलवला. “प्रेज द लॉर्ड! कसे आहात?” त्यांच्या मागे नाशिकचे. मग डावीकडे पुण्याचे. लोकांनीही आपणहून हात पुढे केले, त्यांना तरी काय कळणार!

सायली थांबली. फुलं सावरली. एकदा मागे वळून पाहिलं. मग ती एकटी चालत पुढे आली आणि नवऱ्यामुलाशेजारी उभी राहिली.

संगीत थांबलं. पास्टरांनी सवयीने पुस्तक उघडून विचारलं, “या कन्येला विवाहासाठी कोण देत आहे?” मग चष्म्यावरून बघितलं, तर तिच्या शेजारी कोणी नाही. मागून ह्यांचा आवाज येत होता, “मंडळी कशी आहे तुमच्याकडची?”

सायली म्हणाली, “पप्पा कामावर आहेत, पास्टर. तुम्ही सुरू करा.”