चाळीस दिवस पाहून ठेवलेलं नाव

आत्या मंगळवारी सकाळी वारली. त्या दिवशी माझ्या भावाच्या मुलीला बत्तीस दिवस झाले होते. मुलीला नाव नव्हतं.

नाव आत्या ठेवणार होती. हिंगोली जिल्ह्यात शिव्या देऊन जितकी माणसं दुखावली जात असतील, त्याहून जास्त माणसं आत्यानं त्यांच्या नावाचा खरा अर्थ सांगून दुखावली, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. साखरा, शिरड शहापूर, औंढा अशा बदल्यांवर फिरत तिनं प्राथमिक शाळेत छत्तीस वर्षं काढली, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर हिंगोलीला आमच्याकडे राहायला आली ती एक ट्रंक, एक शिलाई मशीन आणि बायबलातल्या नावांचा एक जाड कोश घेऊन. कोशाची पाठ निखळली होती. तिथं तिनं जुन्या रेनकोटचं कापड शिवून टाकलं होतं. आम्ही ख्रिस्ती. आमच्याकडची बरीच नावं मूळची इब्री, म्हणजे हिब्रू, आणि ती मिरवणाऱ्यांना त्यांचा अर्थ सहसा ठाऊक नसतो. माणसं बिघडली त्याचं आत्याच्या मते एवढंच कारण होतं.

बारशाला प्रार्थना झाली की आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगायचं, ही रीत आमच्यातही आहे. इतरांच्या आत्या बाराव्या दिवशी मोकळ्या होतात. आमच्या आत्याला चाळीस दिवस लागत. "लेकरू पाहिल्याबिगर नाव कसं ठेवू? भांडं पाहिल्याबिगर कोनी झाकण आणतंय का?" असं म्हणून ती नोकरीत असतानाही रजा काढून पाळण्याशेजारी पाट टाकून बसायची आणि बाळ काय काय करतं ते वहीत लिहायची. तिकडे जन्मनोंदणीच्या खिडकीवर आमचे वडील हेलपाटे घालायचे. मी ते चाळीस दिवस झोपून काढले, म्हणून माझं नाव लेआ. लेआ म्हणजे थकलेली. नववीत असताना मी यावरून रडले, तेव्हा तिनं कोश उघडला, चष्मा पुसला आणि उदार मनानं सांगितलं, "काही पंडित म्हंतेत रानगाय. तुला जे पाहिजे ते घे." मी थकलेलीच ठेवलं. भाऊ पाळण्यात हसायचा, म्हणून तो इसहाक, म्हणजे तो हसतो. पुढे तो एका सरकारी कचेरीत लागला. त्यानंतरचा पुरावा गल्लीत कुणाकडे नाही.

तिच्या तावडीतून चर्चचे पाळकही सुटले नाहीत. एकदा परभणीहून कालेब नावाचे पाळक आले होते. स्वतःच्या नावावर त्यांनी पाऊण तास प्रवचन केलं, कालेब म्हणजे निष्ठावंत, असं. प्रवचन संपल्यावर आत्यानं त्यांना चहा दिला आणि सांगितलं की कालेब म्हणजे कुत्रा. पाळक म्हणाले, बाई, कुत्रा निष्ठावंतच असतो की. आत्या म्हणाली, "असतो ना. पन आधी कुत्रा असतो." ते पुन्हा आले नाहीत. याउलट औंढ्याच्या फाट्यावर पंक्चर काढणारे याकूबभाई. तुमचं नाव आणि आमचा याकोब एकच, त्याचा अर्थ टाच धरणारा, हे आत्यानं भर रस्त्यात त्यांना ऐकवलं. त्यांनी हातातली ट्यूब पाण्यात बुडवली आणि बुडबुडे पाहत म्हणाले, "बराबर बोले टीचर. सारी उमर गाड्यां के पावां के पासच बैठा हूँ." आत्याच्या हिशेबी जिल्ह्यात नावाला जागलेला हा एकच माणूस. तिची लूना शेवटपर्यंत त्यांच्याकडेच जायची.

मोबाईलवरची नावं आल्यापासून मात्र तिचा धीर सुटत चालला. शेजारच्या नव्या बाळाचं नाव तिनं दोनदा विचारून घेतलं आणि शब्द कोणत्या भाषेतला म्हणून विचारलं. बाळाची आई म्हणाली, मोबाईलवरचा आहे. अर्थ? सूर्याचा पहिला किरण. गल्लीतल्या आधीच्या तीन बाळांच्या नावांचा अर्थही तोच निघाला होता. "एका गल्लीत चार चार पहिले किरण," आत्या घरी येऊन म्हणाली, "म्हनून एवढं ऊन होऊन राहिलं." तिला आदर होता तो तिच्या जुन्या हजेरीपटांतल्या दगडू, धोंडिबा, केरबा या नावांचा. आधीची लेकरं गेली, आता हे तरी राहावं, मृत्यूनं दगड नाहीतर केर समजून पुढं जावं, म्हणून ठेवलेली ती नावं. बायबलातल्या एका आईनं वेदना सोसून जन्मलेल्या मुलाला याबेस म्हणजे वेदना असंच नाव दिलं, त्याची आठवण ती काढायची. "दुःख झालं तर दुःख म्हनले. लाजले न्हाईत."

भावाला उशिरा मुलगी झाली आणि त्याच्या सासूबाई नांदेडहून सतरा नावांची यादी मोबाईलमध्ये घेऊन आल्या. सगळी युनिक होती. त्यांनी मोठ्या आवाजात, पण शांतपणे, मुद्दा काढला की मुलीची आत्या लेआ आहे, तुम्ही नव्हे. आत्या म्हणाली, "हक्क आत्याचा हाय ना? मग मी आत्याच हाय. कोनाची, हे कुठं लिव्हलंय?" मी तिथेच भाजी निवडत होते. मला कुणी विचारलं नाही, मी पुढची जुडी सोडली. सासूबाई तोवर बाळाला एंजल म्हणू लागल्या. आत्यानं तेही सोडलं नाही. "देवदूत म्हंजे निरोप्या, विहीणबाई. लेकराला पोस्टमन म्हनून हाक मारता का?"

मग तो मंगळवार आला.

माती देऊन आल्यावर चौथ्या दिवशी सासूबाई चांगल्या मनानं म्हणाल्या की आता घोळ नको, एंजलच लिहून टाका. भाऊ थकला होता, त्यानं मान डोलावली. मी म्हणाले, "चाळीस व्हायला अजून चार दिवस हाएत." घरात कुणाला मी नाही म्हणण्याची ती पहिली वेळ. सगळे माझ्याकडे बघू लागले, म्हणून मी पाळण्याशेजारी पाट टाकला आणि वही उघडली.

आत्याच्या नोंदी नीटस होत्या. दिवस चार: शिंकली. दिवस अकरा: उजव्या कुशीवर खूश. दिवस एकोणीस: पंख्याकडे बघते, माझ्याकडे न्हाई. दिवस सत्तावीस: विहीणबाईंच्या इस्त्रीच्या साडीवर मुतली, समजूतदार दिसते. दिवस एकतीस: अजून कळलं न्हाई.

तिला का कळलं नसेल, ते मला सदतिसाव्या दिवशी समजलं. शेवटची तीन वर्षं आत्याला मोठ्यानं बोलल्याशिवाय ऐकू येत नव्हतं. कानाचं यंत्र ती ट्रंकेत ठेवायची. सगळं ऐकून कुणाचं भलं झालंय, म्हणायची. एकतीस दिवस तिनं डोळ्यांनी दिसलं तेवढं लिहिलं. आणि ही मुलगी दूध पिताना नाकातून बारीक गुणगुणत होती. मी आणखी दोन दिवस खात्री करून घेतली, मग तेही वहीत लिहिलं, आणि कोशात शोधलं.

चाळिसाव्या दिवशी प्रार्थना झाली. मी वाकून तिच्या कानात नाव सांगितलं, मग मोठ्यानं म्हणाले, दबोरा. सासूबाईंनी अर्थ विचारला. दबोरा बायबलात न्याय करणारी बाई होती, तेवढं सांगून भागलं असतं. शब्द माझ्या ओठांवर आलेही होते.

"मधमाशी," मी म्हणाले.

"मधमाशी? म्हंजे चावती का काय?"

"अजून दात आले न्हाईत, मावशी."

दाखल्यावर दबोरा लिहून आलं आहे. सासूबाई फोनवर एंजल म्हणतात. वहीत एकतीस दिवस आत्याच्या अक्षरात आहेत आणि चार माझ्या. मधले चार कुणी लिहिले नाहीत. घरात आत्या आता मी आहे.