ग्लेनिस ऑर्मरॉडने फळा आवरला

ग्लेनिस ऑर्मरॉडला राग आला की ती कुणाशी भांडत नाही, टेबल आवरते. त्या वर्षी तिचं टेबल कायम चकचकीत असायचं.

इंग्लंडमधल्या रॉसेनडेलच्या दरीत, चढावरच्या त्या प्राथमिक शाळेत ती तरुणपणी आली, चौथीच्या वर्गात शिरली आणि तिथेच मुरली. तिच्यासमोर बसणाऱ्या मुलांपैकी निम्म्यांच्या आया तिच्याच हाताखालून गेल्या होत्या. पालकसभेला त्या बाया छोट्या खुर्च्यांवर गुडघे जुळवून बसत आणि चाळिशीला टेकल्या तरी तिला नावाने हाक मारायला धजत नसत. "मिस" म्हणत आणि पोरांच्या आधी स्वतःच घाबरत.

नवे मुख्याध्यापक डंकन हेस्केथ यांनी नाताळच्या सुट्टीनंतर तिला खोलीत बोलावलं. माणूस वाईट नव्हता. फक्त दर वाक्यात 'आपली टीम' म्हणायचा, आणि अशा माणसापासून जरा जपूनच असावं.

"ग्लेनिस, आपल्याकडे प्रत्येकाच्या लॅपटॉपवर वेगळा संसार मांडलाय," ते म्हणाले. "रोमन लोकांचा धडा तिसरीत एक, चौथीत दुसरा, आणि पाचवीत कुणाला सापडतच नाही. फळ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं एका जागी लावून द्याल? तुमच्यासारखं नीटनेटकं आपल्या टीममध्ये कुणाचंच नाही."

ग्लेनिसने सरळ विचारलं, "आणि माझा वर्ग?"

हा प्रश्न सगळ्या शाळेच्या मनात होता. प्रत्येक शिक्षकाला आठवड्यातून अर्धा दिवस तयारीसाठी मोकळा मिळतो, आणि त्या अर्ध्या दिवसात त्याच्या वर्गावर दुसऱ्या कुणीतरी उभं राहायचं असतं. सप्टेंबरपासून, म्हणजे नव्या शालेय वर्षापासून, या कामाला एक जण कायमचा नेमायचा, असं ठरलं होतं. त्याला स्वतःचा वर्ग नसणार. सोमवारी इकडे, मंगळवारी तिकडे, एखाद्या पाहुण्यासारखं. शाळेत वयाने सगळ्यात मोठी ग्लेनिस, त्यामुळे नजरा तिच्याकडेच वळत होत्या.

"हे काम शाळेला किती उपयोगी पडतं ते दाखवा," हेस्केथ म्हणाले. "मग तुम्हाला हलवायला मला कारण काय राहणार?"

आमच्या दरीत एवढा शब्द पुरतो. ग्लेनिसने तो गाठीला बांधला आणि कामाला लागली.

आता त्या फळ्याबद्दल सांगायलाच हवं. खडूचा फळा होता तेव्हा पुसला की विषय संपायचा. हा नवा, संगणकाला जोडलेला फळा पुसला तरी सगळं लक्षात ठेवतो, आणि लिहावं तिथे उमटेलच याची खात्री नाही. ग्लेनिसच्या फळ्यावर पेन एका जागी टेकवलं की रेघ वीतभर खाली उमटायची. मग ते चारी कोपऱ्यांतले ठिपके पुन्हा दाबा, पुन्हा जुळवा. सकाळी ऊन आलं की अर्धी पोरं डोळ्यांवर हात धरून बसायची. तरीही तिने घरून, शनिवार-रविवारी, ओव्हनमधली कांदा-चीज भरलेली पाय-पेस्ट्री जळू देऊन, सगळ्यांच्या फाइली गोळा केल्या. एका एका धड्याचं फोल्डर केलं. चित्रं जागेवर कुलूपबंद केली, नाहीतर फळ्यावर मूल चित्रातलं नाणं ओढायला जातं आणि नाण्याऐवजी मागचं अख्खं दुकान सरकतं. 'फायनल', 'फायनल नवं' आणि 'हेच फायनल' अशा तीन फाइलींतून खरी कुठली हे ओळखायला तिला एक अख्खी दुपार लागली. शेवटी कळलं की खरी फाइल या तिन्हींहून वेगळीच होती आणि तिचं नाव होतं 'जुनं'.

फेब्रुवारीअखेर रोमनांचं फोल्डर तयार झालं आणि ते सगळ्यांना खुलं झालं. पुढच्याच आठवड्यात ग्लेनिसने स्वतःच्या वर्गात सैनिकाचं पान उघडलं. सैनिकाला चष्मा होता. ढालीवर एका फुटबॉल संघाचं नाव होतं, आणि खालच्या पाचही रिकाम्या चौकटींत उत्तरं भरलेली होती.

"मिस, उत्तरं आधीच लिहिलीत," पहिल्या बाकावरून आवाज आला.

"त्यातलं एक चूक आहे," मागून दुसरा म्हणाला.

त्याचं कारण साधं होतं. पान बंद करताना फळा विचारतो, बदल जपून ठेवायचे का? आणि साडेतीनला शाळा सुटताच, एक हात कोटात घातलेला शिक्षक न वाचता 'हो' दाबतो. वर्षानुवर्षं सगळ्यांनी तेच केलं होतं, कारण तेव्हा फाइल ज्याची त्याची होती. आता ती सगळ्यांची होती, आणि एकाच्या वर्गातल्या गिरगोट्या दुसऱ्याच्या वर्गात जात होत्या.

शिक्षकांच्या खोलीत चहाच्या वेळी ग्लेनिस उभी राहिली. "आधी प्रत काढा, मग वापरा. मूळ पानाला हात लावायचा नाही."

"मी प्रतच घेतो हं, ग्लेनिस," जोएल ॲटकिन्सन म्हणाला. तिसरीचा हा शिक्षक, नुकताच लागलेला, गोड स्वभावाचा, आणि तोंडात कायम कुणाचं तरी बिस्कीट.

"तू घेतोस ते बिस्कीट, बाळा," बेव्ह म्हणाली. बेव्ह ग्लेनिसच्या वर्गात मदतनीस होती आणि तिची जीभ कात्रीसारखी चालायची. "त्या सैनिकाच्या ढालीवरचा संघ तुझाच ना?"

जोएल हसला, कानापर्यंत लाल झाला, आणि पुढच्याच सोमवारी व्हायकिंगांच्या जहाजाला मिशा फुटल्या. पालथ्या घड्यावर पाणी.

ग्लेनिसने दर गुरुवारी संगणक बघायला येणाऱ्या स्टुअर्टला पकडलं आणि म्हणाली, फोल्डरला असं कुलूप लाव की कुणाला बदलता येणार नाही. स्टुअर्टने लावलं आणि तो गेला. शुक्रवारी तिने अपूर्णांकाचं नवं पान त्यात ठेवायला घेतलं, तर फळा म्हणाला, तुम्हाला परवानगी नाही. कुणालाच म्हटलं म्हणजे तिलाही. पुढचा गुरुवार येईपर्यंत ती जणू स्वतःच्या घराच्या दारात किल्लीशिवाय बसली. टेबल इतकं आवरलं की बेव्हला स्टेपलर सापडेना.

"तू हे कशाला करतेस गं?" बेव्हने विचारलं. "त्यांच्या चुका निस्तरायला तुला वेगळा पगार आहे का?"

"वर्गासाठी करतेय."

"मग वर्गात बस की. त्या फोल्डरात काय बसलीयस?"

बेव्हचं म्हणणं ग्लेनिसला टोचलं, पण हेस्केथचा शब्द गाठीला होता.

मग जोएलची नवी तक्रार आली, आणि ती खोटी नव्हती. "पान उघडतं, पण त्यावर बोलायचं काय ते कळत नाही," तो म्हणाला. "तू एका चित्रावर अर्धा तास काढतेस. माझं दोन मिनिटांत संपतं."

प्रत्येक पानाच्या बाजूला शिक्षकापुरती टिपेची जागा असते. आजवर ती कुणी वापरली नव्हती. ग्लेनिसने ती भरायला घेतली. अपूर्णांकाच्या पानावर लिहिलं: 'इथे थांबा. कुणीतरी म्हणेलच की चार तीनपेक्षा मोठे, म्हणून पाव हा तिसऱ्या हिश्शापेक्षा मोठा. लगेच दुरुस्त करू नका. सारखेच दोन केक, एक तीन आणि एक चार तुकड्यांत, कापायला सांगा आणि भुकेल्या मुलाला तुकडा निवडू द्या.' एक पान झालं, दुसरं झालं. मग तिला थांबवेना. कुठे हसू येतं, कुठे मुलं कंटाळतात, कुठला प्रश्न घाबरट मुलाला विचारायचा आणि कुठला आगाऊ मुलाला, एवढ्या वर्षांचं सगळं तिने टिपांत ओतलं. लिहिताना तिला बरं वाटत होतं, हे खरं आहे. कुणीतरी पहिल्यांदाच विचारलं होतं की तू हे करतेस कसं.

मेअखेरच्या व्हिट्सनच्या सुट्टीआधी काम पुरं झालं. हेस्केथनी फळ्यावर एक एक फोल्डर उघडून पाहिलं, टिपा वाचल्या आणि मनापासून म्हणाले, "ग्लेनिस, हे सोनं आहे."

जूनमध्ये एका मंगळवारी शाळा सुटल्यावर बैठक असते, आणि त्यात पुढच्या वर्षी कुणाला कुठला वर्ग ते मुख्याध्यापक वाचून दाखवतात. त्या दिवशी कुणीतरी केक आणतं, आणि यादी संपेपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही. पहिली, दुसरी, तिसरी झाली.

"चौथी, जोएल," हेस्केथनी वाचलं.

जोएलने मान खाली घातली. त्याला आधीच सांगितलं होतं, हे बेव्हच्या तेवढ्यात लक्षात आलं. पाचवी, सहावी झाली. मग, "आणि सगळ्यांच्या मोकळ्या अर्ध्या दिवसांसाठी, आपली ग्लेनिस."

"तुम्ही म्हणाला होतात, मला हलवायला कारण राहणार नाही," ग्लेनिस सगळ्यांसमोर म्हणाली. तिचा आवाज चढला नाही.

"म्हणालो होतो," हेस्केथ म्हणाले. त्यांना खरोखर अवघडल्यासारखं झालं होतं. "पण तेव्हा चौथी तुमच्याशिवाय कुणाला जमेल असं वाटत नव्हतं. तुम्ही सगळं इतकं नीट लिहून ठेवलंत की आता ती जोएलही घेऊ शकतो. आणि सहाही वर्गांत तुमचीच पानं आहेत. ती सगळीकडे जाऊन शिकवणारं तुमच्याइतकं दुसरं कोण आहे? एका परीने आता सगळे वर्ग तुमचेच."

"सगळे माझे म्हणजे एकही माझा नाही," ग्लेनिस म्हणाली.

"मला नको होती गं चौथी," जोएल पुटपुटला. "मी सरांना म्हटलं होतं."

"घे रे. सगळं लिहिलेलं आहे," ती म्हणाली, आणि त्यात जितका कडवटपणा मावेल तितका तिने घातला.

बेव्हने केक कापला. पहिला तुकडा ग्लेनिसपुढे सरकवला. तो तिच्यापुढे तसाच पडून राहिला. आपण आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, आणि तोही चांगला घासूनपुसून, हेच तिच्या मनात फिरत होतं. गिरगोट्या मारणाऱ्यांचं कुणी काही केलं नाही. आवरणारीलाच बाहेर काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पटांगणावर मुलांवर लक्ष ठेवायच्या पाळीला ती उभी होती. तिच्या वर्गातली थिया हॉवर्थ जवळ आली. थियाची आईसुद्धा ग्लेनिसचीच विद्यार्थिनी.

"मिस, माझा धाकटा भाऊ फिन सप्टेंबरात तुमच्याकडे येणार. आई म्हणाली, फिनचं एक तुम्हाला आत्ताच सांगून ठेव."

"फिन मिस्टर ॲटकिन्सनांकडे जाणार आहे, थिया."

"मग तुम्ही कुठे?"

"इथेच. मंगळवारी दुपारी मी त्याच्या वर्गावर येईन."

"फक्त दुपारी?"

"फक्त दुपारी."

थिया बुटाच्या टोकाने जमीन उकरू लागली. "तो पहिल्यांदा विचारलं की माहीत नाही म्हणतो," ती म्हणाली. "त्याला माहीत असतं, पण म्हणतो माहीत नाही. मग दुसऱ्या दिवशी आपणहून सांगतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही नसालच, मग तुम्हाला तो कळणार कसा?"

ग्लेनिसला राग होता हेस्केथवर, जोएलवर, स्वतःच्या नीटनेटकेपणावर. या पोरीवर तो निघेना. तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसायचीही तसदी घेतली नाही.

"नाही कळणार," ती म्हणाली.