घुम्या माळी

कळमनुरीच्या कॉलेजात मी इंग्रजी कादंबरी शिकवतो आणि तिच्यातल्या माणसांना पोरापोरींनी दिलेली टोपणनावं खुशाल वर्गात चालू देतो. मला त्यात काहीच वावगं वाटत नाही. आमच्या साखरा गावात पाळण्यातलं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं असतं. माणसाला हाक मारतात ती गावानं दिलेल्या नावानं. मग इंग्रजांनाच सूट कशाला? त्यामुळं बसल्या जागी हुकूम सोडणारी जमीनदारीण झाली तोंडपाटलीण, घराघरांत भांडणं लावणारा पाद्री झाला काडीलाव्या, आणि कादंबरीभर जेमतेम चार वाक्यं बोलणारा म्हातारा माळी झाला घुम्या.

शहरातून आलेले एक प्राध्यापक माझ्या तासाला बसले आणि बाहेर पडल्यावर म्हणाले, “मुलांना निदान पात्रांची नावं तरी घ्यायला शिकवा.” माझं डोकंच फिरलं. “येतात त्यांना,” मी म्हणालो, “वेळ आली की घेतील.”

शेवटच्या प्रकरणात तो माळी मरतो. ते पान वाचून झाल्यावर मी सवयीनं विचारलं, “घुम्याच्या मागं ती बाग कोण बघतं?” मग तांड्यावरून येणारी एक मुलगी उभी राहिली.

“सर, माणूस गेल्यावर त्याला तसं म्हणत न्हाईत,” ती म्हणाली, आणि तिनं त्या इंग्रज माळ्याचं नाव घेतलं. आडनावासकट, कुठंही न अडखळता, आणि वर राव लावून.