अक्कांचा कान

अक्का कुठलीही वस्तू घेताना आधी ती कानाशी न्यायच्या. नारळ आपण सगळेच हलवून बघतो. अक्का कडक भाकरीसुद्धा दुकानातच मोडायच्या. तुकडा पडला की क्षणभर डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "हं, बोलतीय की." नाही बोलली तर दुसऱ्या गठ्ठ्यातली. भाकरीवाली बाई वैतागायची. "अवो अक्का, भाकरी खायाची असती, वाजवायची न्हाय!"

अक्का गंभीरपणे सांगायच्या, "मला खायला नको हो. एकाचा हात मोडायचाय."

आणि खरंच, त्या महिन्यात कुठल्याशा सिनेमातल्या खलनायकाचा हात मोडला तो आमच्या ज्वारीच्या भाकरीच्या आवाजानं.

अक्का साउंड डिझायनर होत्या. मागावर काम करणाऱ्या तेलुगू घरातल्या. पुण्यात शिकल्या, मुंबईत पंधरा वर्षं सिनेमे केले आणि आईनं अंथरूण धरल्यावर सोलापूरला परतल्या. आई भावाच्या घरी होती. तिथून दोन गल्ल्या अलीकडे आमचं घर, त्याच्या गच्चीवरची खोली त्यांनी कामासाठी भाड्यानं घेतली. मी त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठा, शाळेतून निवृत्त झालेला मराठीचा मास्तर. तरी सगळी गल्ली म्हणायची म्हणून मीही त्यांना अक्काच म्हणायला लागलो.

आल्या आल्या त्यांनी खोलीच्या चारही भिंतींवर जाड चादरी टांगल्या. आवाज घुमू नये म्हणून. माझी बायको खालूनच म्हणाली, "सोलापूरच्या उन्हात बाईला एवढी थंडी वाजते?"

तुम्हीही माझ्यासारखेच असाल तर सिनेमातले आवाज आपोआप येतात असं तुम्हाला वाटत असेल. एकदा मी विचारलंच, "अक्का, तुम्ही नक्की करता काय?" त्यांनी संगणकावर एक दृश्य दाखवलं. एक बाई स्वयंपाकघरात नुसती बसलेली. "आता ऐका," म्हणाल्या आणि लांबून, शेजारच्या घरातून आल्यासारखी, कुकरची शिट्टी घातली. त्यासरशी ती बाई उपाशी आहे हे मला कळलं. कुणी काही बोललं नव्हतं.

"दिसतं ते कॅमेऱ्याचं, सर. दिसत नाही पण आहे, ते माझं."

एकदा त्यांना एका म्हाताऱ्या माणसाची पावलं हवी होती. मला वर बोलावलं, जुन्या चपला दिल्या आणि वाळू पसरलेल्या फळीवर चालायला लावलं. मी चाललो. "सर, तुम्ही वर्गात शिरताय. हा माणूस हरून घरी चाललाय." पुन्हा चाललो. "नाही." चौथ्या खेपेला मला वडील आठवले. दवाखान्यातून त्यांचा न उघडलेला डबा घेऊन मी एकटा घरी आलो होतो, तो दिवस. चालून थांबलो तर अक्का माझ्याकडे बघत होत्या. हळूच म्हणाल्या, "झालं, सर. बसा. मी चहा टाकते." कुठून येत होतात, असं त्यांनी विचारलं नाही. माझ्या पावलांत त्यांना ते ऐकू आलं असावं.

सोलापूरला आल्यावर त्यांना काम कमी मिळायचं. मुंबईची माणसं जवळच्याला बोलावतात. असं तीन वर्षं चाललं, आणि मग एक सिनेमा आला तो थेट मागवाल्यांवरचा. अक्का लहान मुलीसारख्या हरखल्या. शहरातला एक टॉवेलचा कारखाना चित्रीकरणासाठी मिळाला. मालक वयस्कर, अक्कांच्या वडिलांना ओळखणारे. चित्रीकरण सुरू व्हायच्या आधी दोन दिवस अक्का तिथं प्रत्येक मागाशी माइक धरून उभ्या होत्या. "खटखट सगळ्यांची सारखी वाटते, सर. पण प्रत्येक माग वेगळा बोलतो."

चित्रीकरणाच्या तिसऱ्या दिवशी तिथं अपघात झाला. मागात सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा लाकडी धोटा उडाला आणि नरसय्या नावाच्या कामगाराच्या डोळ्यावर बसला. उजवा डोळा गेला. माग दुरुस्त करणारा जॉबर सांगत सुटला, "ह्यो शूटिंग बघत हुबा ऱ्हायला. माग बिघडलाय म्हनून मला कवा सांगितलं?" मालकांना ते पटलं. नरसय्याला कामावरून काढायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांनी मला वर बोलावलं. चेहरा उतरलेला. "सर, हे ऐका. मला चुकीचं ऐकू येत असेल तर सांगा."

मी हेडफोन लावला. मला नुसती खटखट ऐकू आली.

"हा शेजारचा माग. आता हा नरसय्याचा. ठक झाल्यावर मागून एक बारीक टक येतोय, कळतोय?"

तिसऱ्यांदा ऐकल्यावर कळला. मग त्या खटखटीतून एक माणूस ओरडून बोलला, "जॉबर, धोटा टक्कर खातोय! माग बंद करा की!" आणि दुसरा आवाज आला, "आज माल जायाचाय. पाळी संपू दे, मग बगू."

चित्रीकरण चालू असतानाही अक्का मागांचे आवाज टिपत होत्या; हे अपघाताच्या आदल्या दिवशीचं होतं.

त्यांनी दिग्दर्शकाला फोन केला. मी समोरच होतो. पलीकडचा तरुण काकुळतीला आला होता. "अक्का, निम्मं शूटिंग बाकी आहे. मालक बिथरले तर सगळं बंद पडेल. सिनेमा संपला की दाखवा ना."

"तोवर त्याचं काम गेलेलं असेल."

"तुमचंही जाईल."

त्या सिनेमाची अक्कांनी किती वाट पाहिली होती ते मला ठाऊक होतं. मग म्हणाल्या, "ऐकलं मी," आणि फोन ठेवला.

तासाभरात आम्ही दोघं कारखान्यात होतो. अक्कांनी छोटा स्पीकर मालकांच्या टेबलावर ठेवला आणि काही न सांगता ते लावलं. मालकांनी मान खाली घालून ऐकलं. संपल्यावर तेलुगूत म्हणाले, "मळ्ळी पेट्टम्मा." पुन्हा लाव, बाळ. पुन्हा ऐकलं. मग बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"माल आजच गेला पायजे, असं त्याला मीच बोल्लो होतो," ते म्हणाले. "जॉबरला काय बोलू आता?"

त्याच दुपारी ते स्वतः दवाखान्यात गेले. उपचारांचा खर्च त्यांनी केला आणि बरा झाल्यावर नरसय्याला टॉवेलच्या घड्या घालायच्या खात्यात घेतलं. पण त्यांच्या मुलांनी सिनेमावाल्यांना कारखान्यात पाऊल ठेवू दिलं नाही. उरलेलं काम मुंबईत सेट लावून झालं. अक्कांना त्यातून वगळलं. त्यांनी टिपलेले आवाज मात्र ठेवून घेतले.

सिनेमा सोलापुरात लागला तेव्हा दुपारच्या खेळाला आम्ही चौघं गेलो. अक्का, मी, नरसय्या आणि त्याची बायको. पडद्यावर कारखाना आला, नट मागापाशी उभा राहिला आणि खटखट सुरू झाली. माझ्या शेजारी नरसय्या ताठ झाला. त्यानं चांगला डोळाही मिटून घेतला होता.

"अक्का," तो म्हणाला, "ह्यो माझा माग हाय."

बायको कुजबुजली, "सगळे सारखेच वाजत्यात की ओ."

"न्हाय. ह्यो माझाच. धोटा बिघडायच्या आदीचा." आणि तो त्या तालावर गुडघ्यावर बोटं आपटत राहिला. त्याच्या बायकोनं पदर तोंडाला लावला.

शेवटी नावं आली. अगदी चहा देणाऱ्याचंही नाव होतं, अक्कांचं नव्हतं. बाहेर येताना मी रागानं काहीबाही बोललो. अक्का चपलेत पाय सरकवत म्हणाल्या, "नरसय्यानं ओळखला की, सर. अजून काय पायजे?" पण रिक्षात बसल्यावर त्या सारख्या बाहेरच बघत होत्या. त्यांना लागलं नव्हतं असं मी म्हणणार नाही.

पुढं अक्कांची आई गेली. मग हैदराबादच्या एका स्टुडिओनं बोलावलं आणि अक्का निघाल्या. दोन वर्षांनी त्यांच्या भावानं घरी येऊन सांगितलं, तिथंच, थोड्याशा आजारानं, त्या गेल्या.

मला त्या दिसतात त्या सोलापूर स्टेशनवरच्या. सकाळची गाडी. मी फलाटावर खिडकीशी उभा. वेळेवर जेवा, जपून राहा, असं नेहमीचंच सांगत होतो. गाडीला हिसका बसला तशी अक्कांनी झटकन पिशवीतून माइक काढला, खिडकीच्या गजांतून बाहेर धरला आणि दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवून मला गप्प केलं. डोळे मात्र हसत होते. गाडी हलली, चाकं वाजू लागली, चहावाल्याची हाक मागं पडत गेली.

ते सगळं त्यांच्याकडे नीट साठवलेलं असणार. आणि त्याच्या सुरुवातीलाच कुठंतरी माझं अर्धवट राहिलेलं "जपून" असेल.