रंजनाला दिलेलं उत्तर

हे मी वैशालीलाही सांगितलेलं नाही — आणि भिवपुरीत आम्ही दोघी एकाच घरात राहतो, उघड, मान वर करून. त्याचा मला अभिमान आहे. आजही आहे. म्हणूनच हे सांगणं जड जातंय.

कडावचं आमचं घर भजनातलं. मला मुलीच आवडतात हे कळल्यावर वडिलांनी, आबांनी, मारलं नाही — सत्संगाच्या महाराजांकडे नेलं. त्यांनी खोपोलीच्या एका समुपदेशकाकडे पाठवलं. डोळे मिटून आवडत्या मुलीला आठवायचं आणि उग्र वासाची बाटली हुंगायची, ओकारी येईपर्यंत. वर जप, उपास. काही गेलं नाही. शेवटी थकून म्हटलं, "गेलं." मग महाराजांनी मला सगळ्यांपुढे उभं केलं. मी बरी झाले, असं मी सांगितलं — खणखणीत आवाजात. आबांची छाती फुगली. बाया माझ्या पाया पडल्या.

पुढच्याच महिन्यात पोशीरच्या रंजनाला तिच्या आईनं आणलं, माझं उदाहरण देऊन. महाप्रसादाचे तांदूळ निवडायला आम्ही दोघीच बसलो होतो. तिनं हळूच विचारलं, "ताई, खरं सांगा. जातं का ओ हे? नसंल जात तर मी आजच निघते. मैत्रीण हाय माझी पुण्याला. थांबलीय ती."

आबा नव्हते तिथे, महाराज नव्हते. मग भीती कसली होती मला? कसलीच नाही. मला तो मान आवडायला लागला होता — एवढंच.

"जातं गं," मी म्हटलं. "धीर धर थोडा."

ती थांबली. बाटली हुंगली, उपास केले, खंगली. वर्षभरात तिचं लग्न लावलं. मी अक्षता टाकल्या.

गेल्या वर्षी मी त्याच सत्संगात उभी राहिले आणि माझं बरं होणं खोटं होतं, हे सांगितलं. आवाज कापला नाही. काहीजण उठून गेले, काहींनी टाळ्या वाजवल्या. थकलेले आबा काठी टेकत आले आणि माझ्याशेजारी उभे राहिले. एवढा ताठ कणा माझा कधीच नव्हता.

समोर बायकांत रंजना बसली होती, मांडीवर लेक घेऊन. टाळ्या थांबल्या तरी ती माझ्याकडे बघतच होती. फक्त तिची गोष्ट सांगायची राहिली होती — तिला ठाऊक होतं, मलाही.

मी हात जोडले आणि खाली बसले.