इंचाला तीनशे ठिपके

पनवेलमध्ये ज्याचं ज्याचं तोंड मोठं छापून आलं आहे, त्याने आधी आमच्या भाऊजींची बोलणी खाल्लेली आहेत. भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. लग्नपत्रिका, फ्लेक्स आणि दुकानांच्या वेबसाइट करणारे. गिऱ्हाइकाला पाणी विचारायच्या आधी ते फोटो किती पिक्सेलचा आहे हे विचारत. पत्रिकेला इंचाला तीनशे ठिपके, फ्लेक्सला शंभरात भागतं, मोबाइलवर मात्र हलका फोटो हवा, नाहीतर पान उघडेपर्यंत माणूस दुसऱ्या दुकानात जातो, हे त्यांनी माझ्या लग्नाच्या पंगतीत भटजींनाही समजावलं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा आलेला फोटो ते उष्टा मानत. 'डॉक्युमेंट म्हणून पाठव' हे त्यांनी आमच्या म्हाताऱ्या आईकडूनसुद्धा घोकून घेतलं होतं.

एकदा उलव्याचे एक शेठ आपल्या पुढारी साहेबांच्या वाढदिवसाचा वीस फुटी फ्लेक्स करायला आले. फोटो कुणाच्या तरी स्टेटसवरून उचललेला.

"बारका हाय त मोठा करा ना," शेठ म्हणाले.

"शेठ, डाळ चौघांची आहे. चाळीस जणांना वाढायची तर पाणीच घालावं लागेल. घालू साहेबांच्या तोंडात पाणी?"

"आवं, वाढदिवस हाय त्यांचा," म्हणत शेठ उठले आणि समोरच्या दुकानात गेले. दुकानामागच्या स्वयंपाकघरातून ताई म्हणाली, "आज जेवायला तत्त्वांनाच फोडणी देते."

ताईच्या मसाल्यांची वेबसाइटही भाऊजींनीच केली. त्यासाठी तिचा फोटो काढला, मिरच्या निवडताना हसणारी. बाकी सगळ्या फोटोंत ती कुणाच्या ना कुणाच्या खांद्यामागे. पान झटकन उघडावं म्हणून त्यांनी तो चारशे पिक्सेलचा केला आणि त्याच नावाने सेव्ह केला. मूळ फोटो पुसला गेला. अख्ख्या गावाला 'कॉपी ठेव' म्हणून झापणाऱ्या माणसाने स्वतःच्या बायकोची कॉपी ठेवली नाही. ताई अचानक गेली आणि तेराव्यासाठी फोटो शोधताना हे कळलं.

मी त्यांना नको नको ते बोललो. दुनियेच्या साहेबांना तीनशे ठिपक्यांत जपलंत आणि माझ्या बहिणीला पुसलंत, इथपर्यंत. शेवटी मी म्हणालो, "ताणा तोच. मला धूसर चालेल."

"ताणून बघितला रे," ते म्हणाले. "मोठी केली की तिचं हसू फिसकटतं. कुणीतरी भलतीच बाई दिसते."

तेराव्याला पाटावर पासपोर्ट साइजचा फोटो होता. तेवढ्यातच ती नीट दिसत होती. हार घालायची सोयच नव्हती. कुणी शेवंतीचं एक फूल वाहिलं तर ताई अख्खी झाकली गेली. भाऊजींनी ते उचलून बाजूला ठेवलं.

माझा राग अजून गेलेला नाही. परवा त्यांच्याकडे गेलो, तर चष्मा कपाळावर ढकलून ते भिंतीवरच्या त्या एवढ्याशा फोटोसमोर उभे होते. मी दारातच थांबलो.

"असा जवळ ये," ते म्हणाले, "तिथून नाही दिसायची ती."