नादारीच्या घरची पंगत

घरातले डबे रिकामे होऊ लागले की किस्से भरू लागतात, असा माझा अनुभव आहे. आमच्याकडे तर एके काळी ते ठेवायला फडताळ पुरेना!

सेलूचं आमचं कापडाचं दुकान बसलं, तेव्हा मी केळझरच्या गणपतीला नवस बोलले होते, "बाप्पा, यातून सोडव, नारळांचं तोरण बांधीन." ह्यांनी वर्धेच्या कोर्टात नादारीचा, म्हणजे दिवाळं निघाल्याचा, अर्ज टाकला होता. कोणाकोणाचं देणं आहे, ते विचारायला वकीलसाहेब घरी आले. मी आपलं प्रामाणिकपणे गणपतीचं तोरणही सांगितलं.

वकीलसाहेब गंभीरपणे म्हणाले, "वहिनी, देवाला यात ओढू नका. त्यालाही रुपयामागे चारच आणे मिळतील!"

* * *

मग जप्तीला बेलीफ यायचा झाला. देवाच्या वस्तू नेत नाहीत, एवढं सासूबाईंच्या कानावर आलं होतं. त्यांनी कुंकवाचा करंडा घेतला आणि घरभर फिरल्या. शिलाई मशीन, पितळी घंगाळ, खाट, पाटा-वरवंटा, सगळ्यांना कुंकू!

बेलीफ दारातच थबकला. "आजी, हे सारे देवच हायेत का?"

"मंग! तेहतीस कोटी हायेत बाप्पा. कुठी ना कुठी बसतीलच ना!"

तो भला माणूस. चहा प्याला, खाटेला हात जोडले आणि मशीन सोडून दिलं. जाता जाता त्याची नजर ह्यांच्याकडे गेली. हे नुकतेच पूजेवरून उठलेले, कपाळभर गंध.

"म्हातारीनं यायलेबी सोडलं नाई," तो म्हणाला. "आता यायलेबी नेता येत नाई!"

* * *

कोर्टानं महिन्याचा हप्ता बांधून दिला. ह्यांना दुसऱ्याच्या दुकानात नोकरी लागली होती. पगार घरी यायचा, पण पाणीसुद्धा न पिता हप्त्याला निघून जायचा! मी रात्रंदिवस मशीन चालवायचे, तरी तोंडमिळवणी होईना. एक हप्ता चुकला. पुढचाही चुकला, तर कोर्टाचं संरक्षण जाणार आणि ह्यांना दिवाणी तुरुंग, असं वकीलसाहेबांनी स्पष्टच सांगितलं.

हप्ता कमी करा, म्हणून आम्ही अर्ज केला. समोरच्या वकिलानं माझ्या सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशीची चौकशी करून ठेवली होती! तो म्हणाला, "साहेब, या घरात निम्मे दिवस उपासच असतात. जेवणाचा खर्च वाचतो. हप्ता उलट वाढवा!"

जज्जसाहेबांनी चष्मा काढला. साबुदाणा, भगर, शेंगदाणे, राजगिरा, तूप... त्यांच्या डोळ्यांसमोर काय काय आलं असेल, देव जाणे.

"वकीलसाहेब," ते म्हणाले, "तुमच्या घरी कोणी उपास करत नाही वाटतं?"

कोर्ट हसलं, पण हप्ता होता तिथेच राहिला. घेणेकऱ्यांची कबुली आणा, मग बघू, असा हुकूम झाला.

आणि घेणेकऱ्यांत मोठे, आर्वीचे ठोक कापडवाले बापूराव. ते मान हलवतील तशी बाकीच्यांची हलायची. बापूरावांची मान मात्र आडवीच हलायची!

* * *

त्याच महिन्यात माझं सोळा सोमवारांचं उद्यापन आलं. मेहुणं जेवायला घालायची. मी ह्यांना म्हटलं, "आपल्या घेणेकऱ्यांनाच जोडीनं बोलवू या."

"अगं, शंकराचं उद्यापन आहे की माझं?" हे म्हणाले.

पण मेहूण म्हणून आलेलं बोलावणं कोण मोडतो? सगळे आले. बापूराव उंबऱ्यावरच म्हणाले, "जेवतो, पण हप्त्याचा शब्द काढाचा नाई!"

"नाही काढत," हे म्हणाले. आणि खरंच, आम्ही दोघांनी अवाक्षर काढलं नाही. मी वाढत होते. बापूरावांच्या बायकोचं लक्ष मात्र पानाकडे कमी आणि माझ्या रिकाम्या फडताळाकडे जास्त.

जेवणं झाली, विडे दिले. सासूबाई तिला म्हणाल्या, "नाव घे वं माय, देवापुढं घेतलेलं नाव खाली पडत नाई."

बापूरावांच्या बायकोनं पदर सावरला, नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली,

"महादेवाच्या पुढ्यात चुरम्याचा लाडू,
बापूराव म्हणतात, हप्ता अर्ध्यावर पाडू!"

बापूरावांना विडा लागला. ठसका थांबतोय, तोच शेजारची सरसावली. तिचे मालक किराणावाले गणपतराव.

"पिंडीवर वाहिला बेल, समईत लावली वात,
गणपतरावांनी व्याजावरचा काढला हात!"

तिसरी खाकरून तयारच होती. तेवढ्यात बापूराव टोपी सावरत ताडकन उठले.

"बस्स! आता कोनी नाव घेऊ नका! नाई तं जाता जाता मलेच यायले हप्ता द्या लागन!"

पुढच्या तारखेला कोर्टात बापूरावांची मान उभी हलली, आणि मग बाकीच्यांचीही. तर बायांनो, तुमच्या मालकांचं कोणाकडे काही अडकलं असेल, तर वसुलीला त्यांना एकटं धाडू नका. तुम्हीही जा, दोन घास जेवा, आणि कोणी नाव घे म्हटलं, तर लाजू नका.